११ लिटरचा गिअरबॉक्स, निघालं साडेचार लिटर. बाकीचं ऑइल गेलं कुठे?

अर्धाडबा:
पिकअप ट्रक आहे, सहा गिअरची ऑटोमॅटिक, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. त्यातलं निम्मं ट्रेलर ओढण्यात गेलं. हल्ली थंड असताना 'डी'ला टाकली की क्षणभर गप्प बसते आणि मग धक्का देऊन निघते. म्हटलं गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं. पुस्तकात क्षमता ११ लिटर दिलीय, म्हणून १२ लिटर आणून ठेवलं. पुढची चाकं रॅम्पवर चढवली, इंजिन थंडच होतं, ड्रेन बोल्ट खोलला. मोजलं तर साडेचार लिटर. रात्रभर ठिबकत ठेवलं, तर सकाळी आणखी जेमतेम १०० मिली. ऑइल तपकिरी झालंय, पण जळका वास नाही. बोल्टच्या टोकाला चुंबक आहे, त्यावर करडा चिखल होता. बोटांनी चोळला, काही टोचलं नाही.

खरा शहाणपणा पुढेच. नवं ऑइल जिथून भरायचं तो फिलर बोल्ट आधी खोलून बघितलाच नाही. आता तो हलेना, कडाही गोल व्हायला लागल्यात. डिपस्टिक या गाडीला नाही. म्हणजे खालचं भोक उघडं, वरचं बंद, आणि मधे मी. काय करू?

सवयीचंऑइल:
दादा, जे काढलंस तेच गाळून परत घाल. माझ्या चुलत्यांनी दीड लाखाला बदललं आणि महिन्याभरात गिअर घसरायला लागले. जुन्या गाडीला जुनंच ऑइल मानवतं.

ग्रीसचेहात:
आधी एक गोष्ट: इंजिन चालू करू नकोस. 'जरा बाजूला लावतो' म्हणूनसुद्धा नको. पंप कोरडा फिरेल.

बाकीचं ऑइल कुठेही गेलेलं नाही. खालच्या चेंबरमधलं तेवढं निघालं. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) पोटात, व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) चक्रव्यूहात आणि कूलरच्या नळ्यांत जे आहे ते बोल्ट खोलून येत नाही. एका वेळी निम्म्याच्या आत-बाहेर निघणं हे नेहमीचंच. तुझं ४.६ लिटर म्हणजे ४२ टक्के. भरून काही दिवस चालवलीस आणि पुन्हा काढलंस की जुनं ३४ टक्क्यांच्या आसपास उरेल, तिसऱ्यांदा काढलंस की २० टक्के. तेवढं पुरे. मला ही सावकाश पद्धतच आवडते. मशीन लावून सगळं एका दमात बदलणारेही आहेत, पण गाडी आधीच कुरकुरत असेल तर मी ते करत नाही.

फिलर बोल्टला गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेव. बारा कोनी सॉकेट वापरत असशील तर फेक बाजूला, सहा कोनी घे आणि हातोडीने ठोकून नीट बसव. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब, मग सोड. तरीही ऐकला नाही तर कूलरची परतीची नळी सोडून तिथून हातपंपाने ऑइल आत ढकलता येतं. फक्त ती परतीचीच आहे याची खात्री कर, अंदाज नको.

चुलत्यांच्या गाडीबद्दल: ऑइल बदललं म्हणून गिअरबॉक्सच्या आतला क्लच झिजत नाही. तो आधीच झिजलेला असतो, त्याची भुकटी जुन्या ऑइलात तरंगत असते आणि कशीबशी पकड टिकते. असा गिअरबॉक्स घसरायला लागला की लोक ऑइल बदलतात आणि मग नाव ऑइलचं होतं. अर्धाडबाच्या चुंबकावर नुसता चिखल आहे, धातूचे तुकडे नाहीत, वास नाही. हा गिअरबॉक्स अजून शाबूत दिसतोय. आणि काढलेलं ऑइल परत घालायला ते काय पापडाचं तेल आहे?

पानासतरा:
नवं आणलंयस ते नक्की कुठलं? गिअरबॉक्सच्या ऑइलचे प्रकार असतात; पुस्तकात मर्कॉन एलव्ही असेल तर मर्कॉन व्ही चालत नाही, जाडी वेगळी आहे. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला डबा मी तरी घालत नाही.

अर्धाडबा:
पुस्तकात डेक्सरॉन ६ आहे, तेच आणलंय.

फिलर सुटला! तिसऱ्या दिवशी, आवळायच्या दिशेनेच आधी हलला. काका, तुमचे पाय धरतो. थंडच काढलं होतं, म्हणून थंडच ४.६ लिटर मोजून भरलं. आता लेव्हल कशी बघू?

ग्रीसचेहात:
रॅम्पवर बघायची नाही. चारही चाकं सारख्या उंचीवर हवीत, आणि खाली शिरणार असशील तर घोड्या (लोखंडी टेकू) लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. इंजिन चालू, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांब आणि परत 'पी'. स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान बघ. पुस्तकात दिलेल्या तापमानालाच लेव्हलचा बोल्ट खोलायचा, ऑइल पुरेसं असेल तर तिथून जास्तीचं बाहेर येतं. ऑइल तापलं की फुगतं. तुझ्या ११ लिटरला २० अंशांपासून ८० अंशांपर्यंत अर्ध्या लिटरच्या आसपास फरक पडतो. चुकीच्या तापमानाला बघितलंस तर तेवढं कमी किंवा जास्त राहणार. कमी राहिलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो. दोन्हीकडे ऑइलचा दाब कमी होतो आणि गिअर घसरतात. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की बोल्ट बंद. काहीच आलं नाही तर थोडं घाल आणि पुन्हा बघ.

अर्धाडबा:
पुस्तकात ३५ ते ४५ अंश होतं. ४१ला खोलला, आधी काहीच नाही. पाव लिटर घातलं तेव्हा धार आली. दोन दिवस चालवतोय. सकाळचा धक्का निम्म्यावर आलाय, गेलेला नाही.

ग्रीसचेहात:
जुनं अजून निम्म्याहून जास्त आत आहे. पाचेकशे किलोमीटरनंतर दुसरा फेरा घे आणि त्याच वेळी चेंबर उतरवून फिल्टरही बदल. चेंबरचे बोल्ट छोटे असतात, टॉर्क पान्यानेच आवळ, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे जातील. तरीही धक्का राहिला तर मग ऑइलच्या पलीकडे शोधू.

पानासतरा:
ड्रेन बोल्टचा वायसर नवा टाकलास ना?

अर्धाडबा:
...आत्ताच खाली वाकून बघून आलो. एक थेंब लोंबतोय.