पुणे डर्बी जिंकलेल्या घोड्यावर आताच इंडियन डर्बीसाठी पैसे लावावेत का?

घोड्यांच्या शर्यतीत पैसे लावणारे काही जण म्हणतात की पुणे डर्बी जिंकणाऱ्या घोड्यावर आताच इंडियन डर्बीसाठी पैसे लावून ठेवावेत, नंतर चांगला भाव (घोडा जिंकल्यास लावलेल्या पैशांवर मिळणारा दर) मिळणार नाही. मला हे अजिबात पटत नाही. पुणे डर्बी २००० मीटरची, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची. हे वाढीव ४०० मीटरच भल्याभल्यांचा दम काढतात. शिवाय पुण्याचा सीझन पावसाळ्यातला. ओल्या ट्रॅकवर पळालेला घोडा फेब्रुवारीतल्या कोरड्या जमिनीवर तसाच पळेल, हे गृहीत धरू नका.

मी तरी निकालाच्या आकड्यांपेक्षा शेवटचे २०० मीटर जास्त बघतो. जॉकीचे (घोडेस्वाराचे) हात शांत आहेत की चाबूक चाललाय? आणि विनिंग पोस्ट (शर्यत संपते ती खूण) ओलांडल्यावर घोडा आपणहून पुढे जात राहतो की लगेच ढेपाळतो? व्हिडिओ पुन्हा लावून एवढं नक्की बघा, फार कळतं त्यातून. मग वंशावळ: आईकडून लांब पल्ल्याचं रक्त आहे का, ते तपासा.

आणि केवळ घोडी आहे म्हणून तिला सरसकट मोडीत काढू नका. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनेच जिंकली होती, आणि घोडीला वजनात सवलतही असते.

इतक्या आधी लावलेले पैसे घोडा लंगडला, पळालाच नाही, तरी सहसा परत मिळत नाहीत. मी डिसेंबरमधल्या २००० गिनीज या शर्यतीपर्यंत थांबणार. भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल.