उपवासकाळातली कृतज्ञता

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपवासकाळ केवळ पश्चात्तापाचा आहे, आभार मानायचे ते पास्काच्या सणाला, म्हणजे ईस्टरला मानावेत, हे काहींचे मत मला पटत नाही. या दिवसांत मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष म्हटला जात नाही आणि रविवारचे गौरवगीतही वगळतात, हे खरे. पण उपकारस्तुती, म्हणजे मिस्सेतली देवाचे आभार मानणारी प्रार्थना, वगळत नाहीत. उलट या काळासाठी नेमलेल्या एका प्रार्थनेत, आमच्या संयमातून देवाचे आभार मानले जावेत, आमचा गर्व उतरावा आणि गोरगरिबांच्या पोटात अन्न जावे, अशी तिन्हींची सांगड घातली आहे.

मराठवाड्यात हा काळ ज्वारीच्या काढणीच्या सुमारास येतो. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या स्थानिक मंडळीत) शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणाऱ्या प्रार्थनेला, येणाऱ्या काही बायाबापड्या दिवसभर कणसे खुडून थेट शेतातून येतात, आणि वेदीजवळच्या डब्यात पसाभर ज्वारी ओतून मगच गुडघे टेकतात. ते धान्य पुढे निराधार म्हाताऱ्यांच्या घरी पोचते. २०१६ साली, ज्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही डबा रिकामा राहिला नाही, फक्त पशाच्या जागी मूठ आली. ती मूठ टाकणाऱ्या बाईला, आभार मानायला पास्कापर्यंत थांबा, असे कोणत्या तोंडाने सांगावे?