व्हिडिओ कॉलवर ‘बरी आहेस ना?’च्या पुढे काय बोलायचं?

इंदिरानगरची घरकोंबडी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावणार आहे, वेळच वेळ आहे माझ्याकडे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी धाकट्या भावाने दिली. तो दीड-दोन महिन्यांत नाशिकमधल्या सातपूरला कामावर हजरसुद्धा झाला, मी मात्र अजून चार भिंतींत. पहिले ३ महिने माणसांपासून लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. पाहुणे नाहीत, बाजार नाही, देऊळ नाही, कच्चं नाही, बाहेरचं नाही. मिसळीचं तर नावच काढू नका. कुंड्यांतल्या मातीलाही हात लावायचा नाही. सकाळी ९ आणि रात्री ९, टॅक्रोलिमसची गोळी (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून) घड्याळ बघून. हे भाजी घेऊन आले की हात धुतात, मास्क लावतात आणि माझ्या खोलीच्या दारात उभे राहून विचारतात, “येऊ का आत?” ३६ वर्षांच्या संसारात एवढी रीतभात कधी पाहिली नव्हती.

आता मुद्दा. फोनची कमी नाही मला. लेक म्युनिकला असते. तिची जेवणाची सुट्टी म्हणजे आपले चार, रोज न चुकता लावते. रविवारी सगळ्या भावंडांचा गूगल मीट असतो. तासाभराने ते फुकटातलं मीट आपलं आपण बंद पडतं आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटतं. कारण बोलणं काय? “बरी आहेस ना? जेवलीस? क्रिएटिनिन किती आलं?” क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा. माझा आकडा आता आख्ख्या खानदानाला पाठ आहे. १.२ आला की सगळे “वा वा”, १.४ आला की स्क्रीनवरचे नऊच्या नऊ चौकोन गप्प. मग कोणीतरी म्हणतं, “आराम कर.” अहो, दुसरं करतेय काय मी?

झेडपीच्या शाळेत ३१ वर्षं पोरांपुढे बडबड केली. बोलायला विषय नाही असं आयुष्यात झालं नव्हतं. पण मी कुठे जात नाही, मला कोणी भेटत नाही, तर सांगू काय? माझ्याकडे बातमीच नसते.

श्रावणात भाचीची मंगळागौर होती. बहिणीने हौसेने फोन कपाटावर ठेवला, “ताई, तूही बघ गं सगळं.” दोन तास मी छताचा पंखा बघितला. खाली फुगड्या चालल्या होत्या, ते आवाजावरून कळत होतं. पंखा चांगला आहे, तीन पात्यांचा.

आणि आई. वय ८२, गोदावरीकाठी सायखेड्याला असते, ऐकू कमी येतं. भाच्याने मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला, पण व्हिडिओ कॉल लागला की ती फोन उचलून कानाला लावते. मग मला दिसते फक्त तिची कानातली कुडी, पाळीचं लांबलेलं भोक आणि एक पांढरी बट. मी ओरडते, “आई, समोर धर, समोर!” ती म्हणते, “ऐकू येतंय गं, ओरडतेस कशाला?” ऑपरेशनच्या आधीपासून मी तिचा आख्खा चेहरा पाहिलेला नाही.

अजून महिना काढायचाय. तुमच्यापैकी जे कोणी असे घरात अडकून पडले असतील, त्यांनी काय केलं? ॲप कुठलं, हे विचारत नाहीये. ॲपं भाच्याने सगळी टाकून दिलीत.

उंटवाडीचा लंगडा

ताई, आधी अभिनंदन. भावाला माझा दंडवत सांगा.

मागच्या वर्षी माझा पाय मोडला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, साडेचार महिने घरात. म्हणून हक्काने सांगतो.

आईंचं आधी निस्तरा. फोन त्यांच्या हातातच द्यायचा नाही. कोणी शेजारचं असेल तर त्यांना सांगा, फोन स्पीकरवर टाकून जड तांब्याला टेकवून ठेवायचा, आईंच्या नाकाच्या उंचीवर, आणि तिथून उठायचं. हातात फोन आला की तो कानाकडेच जाणार, ५० वर्षांची सवय आहे. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर तुम्हाला नुसती सावली दिसेल. पावसात रेंज गेली तर कॅमेरा बंद करून आवाज चालू ठेवा. आवाजाला फार थोडं नेट लागतं, चित्रच सगळं खातं.

दुसरं, चुकूनही एकत्र आरती किंवा भजन करायला जाऊ नका. आमच्या मंडळाने माझ्यासाठी मीटवर हरिपाठ ठेवला होता. प्रत्येकाचा आवाज अर्धा सेकंद मागेपुढे पोचतो, त्यामुळे टाळ म्हणजे पत्र्यावर गारा पडल्यासारखे. बुवा चिडले, एकाने फोन आपटला. शेवटी ठरलं की एकानेच म्हणायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून आपापल्या घरी म्हणायचं. मग जमलं.

आता तुमचा खरा प्रश्न. माझंही तसंच व्हायचं. धाकटा भाऊ जळगावला असतो. एकदा फोन चालू असताना त्याला स्कूटरचा प्लग साफ करायचा होता. म्हणाला, ठेवू का? मी म्हटलं, राहू दे चालू, कर तू. त्याने पाऊण तास स्कूटर खोलली, मी बघत बसलो. बोललो असू दहा वाक्यं, त्यातली सहा शिव्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी त्याच्या अंगणात बसलोय. तेव्हापासून आम्ही बोलायला फोन करत नाही. काम काढतो आणि फोन बाजूला ठेवतो.

देवळालीकर, सध्या टोरांटो

मी पलीकडच्या बाजूने लिहिते, कारण मीही आकडा विचारणारीच मुलगी आहे.

बाबांची बायपास झाली तेव्हा मी इथे होते. आता तुमच्या-आमच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक आहे, थंडीत साडेदहा होतो. तुमच्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे माझ्याकडे आदल्या रात्रीचे दहा. दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरायचं आणि रात्री फोन लागला की तोंडातून निघायचं, “बीपी किती?” काकू, त्या आकड्याशिवाय आमच्या हाताला दुसरं काही लागत नाही हो. तुमचा चेहरा स्क्रीनवर पिवळा दिसतो तो आजाराने की ट्यूबलाइटने, हेही इथून कळत नाही.

आमच्याकडे कोंडी बाबांनीच फोडली. एक दिवस म्हणाले, “बीपी तुला मेसेज करीन, फोनवर विचारायचं नाही.” आणि रोज पेपरातल्या शब्दकोड्याचा फोटो पाठवायला लागले. मी बसमध्ये अडखळत सोडवायची, रात्री फोनवर भांडण, आडवे सात माझं बरोबर की त्यांचं. मराठी शब्द विसरलेय म्हणून मला इतकं बोलून घेतलं की विचारू नका. शिवाय मला कामं लावली. गॅस सिलिंडर इथून मी बुक करायचे, लाइटबिल मी भरायचे. तुमच्या लेकीलाही एखादं काम लावा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, डायलिसिसला बरीच वर्षं काढली. दोनच गोष्टी.

पहिल्या ३ महिन्यांत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे डोस सगळ्यात जास्त असतात, म्हणून हा सोवळ्याचा कडकपणा. पुढे डोस उतरतात तसं मोकळं होतं. तोवर “तब्येत मस्त दिसतेय, येऊन जातो पाच मिनिटं” म्हणणाऱ्यांना दारातूनच नमस्कार.

दुसरं, सोबत बहुधा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल. त्याने झोप उडते, चिडचिड होते, कधी उगाच रडू येतं. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. फोन नकोसा वाटणं यातला थोडा भाग गोळ्यांचाही असू शकतो. पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना नक्की सांगा, “एवढं काय सांगायचं” करू नका. गोळी मनाने कमी करायची नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. रात्री फारच जड वाटलं तर १४४१६ वर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. माझे पेशंट आधी हसतात, मग लावतात.

निवृत्त कॅशियर

वरची चर्चा छान आहे, पण मी मिठाचा खडा टाकतो. घरात अडकलेला माणूस कुठलाही फोन उचलतो, हे चोरांना माहीत आहे. माझ्या एका मित्राला पोलिसाच्या वेशातल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर तीन तास बसवून ठेवलं, “तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात” म्हणून. असला अरेस्ट आपल्या कायद्यात नाहीच. अनोळखी माणूस स्क्रीन शेअर करा म्हणाला की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. तासाभराने नाही, त्याच क्षणी. आणि ताई, रोज तीन-तीन फोन घेतलेच पाहिजेत असं कोणी सांगितलंय? मी पत्नीच्या आजारपणात दारावरची बेल काढून टाकली होती.

इंदिरानगरची घरकोंबडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नऊ दिवसांनी लिहितेय, कारण सांगण्यासारखं आता जमलंय.

कॅशियरसाहेब, बेलची युक्ती ह्यांना फार आवडली. रात्रपाळी ताई, हात थरथरतात ते खरंच, मला वाटायचं वय झालं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रक्तातली गोळीची पातळी तपासायला लावली. लेकीला किराण्याची ऑर्डर द्यायचं काम लावलंय. पहिल्याच खेपेला तिने पाच किलो साबुदाणा मागवला. त्यावर दोन दिवस बोलणं चाललंय.

आईचं सांगते. शेजारच्या सूनबाईंनी फोन तांब्याला टेकवून दिला. आईने तो उचलायला हात पुढे केला, तशी सूनबाई म्हणाली, “आजी, गरम आहे.” हात मागे. आणि समोर आख्खी आई! दोन दात कमी झालेत, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

चातुर्मास म्हटल्यावर ती वाती वळत बसली होती. ह्यांच्याकडून मी कापूस आणवला. मातीला डॉक्टरांची मनाई आहे, कापसाला नाही, विचारून घेतलं. ती तिकडे वळते, मी इकडे. ती पेळू ओढते, मांडीवर ठेवून तळव्याने एकदाच सरकवते, वात तयार. माझ्या थरथरत्या हातांनी मध्ये जाड, टोकाला गायब. मी एक कॅमेऱ्यापुढे धरली. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, “ही वात आहे का शेवई?” ऐकू येत नसल्याचा प्रश्नच आला नाही, कारण बोलत कोण होतं? दीड तास फोन चालू होता.

मग मंगळवारी पाऊस लागला. तुम्हा नाशिककरांना सांगायला नको, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय विचारतो. क्युसेकचे आकडे आईला कळत नाहीत, गोदावरीच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, तेवढं कळतं. तिच्यासाठी तो रामकुंडाजवळचा देव नव्हे, मोजपट्टी आहे. नाशिकहून निघालेलं पाणी पुढे तिच्याच अंगावर जातं, सायखेडा-चांदोरीला. २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा तिच्या ओट्यापर्यंत पाणी होतं, चुलीत गाळ. दरवर्षी मी स्वतः जाऊन बघून तिला फोन करायचे. यंदा कोण जाणार?

भाच्याला म्हटलं, पुलावर जा, घाटावर उतरलास तर याद राख. त्याने तिथून व्हिडिओ लावला. एका फोनवर तो, ह्यांच्या फोनवर आई. दोन्ही स्पीकरवर टाकल्यावर आधी जी शिट्टी घुमली, ती शेजाऱ्यांनीही ऐकली. मग एक फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि मी मधल्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. इकडे बघायचं, तिकडे ओरडायचं. गढूळ चॉकलेटी पाणी, छत्र्यांची गर्दी, भाच्याच्या कॅमेऱ्यावर थेंब. मारुती मधोमध उभा.

“कुठवर आलंय?” आई.

“मांडीवर.”

“गुडघ्याच्या वर का मांडीच्या वर? नीट बघून सांग, मला शेंगांची पोती हलवायचीत.”

मी भाच्याला म्हटलं, बाळा, फोन स्थिर धर, काच पूस. त्याने शर्टाने पुसली. पाहिलं. कमरेला अजून वीतभर कमी होतं. तसं आईला सांगितलं. तब्येत, जेवण, आकडा, काहीही न विचारता ती उठली. पदर खोचताना दिसली.

“आता ठेव. सूनबाईला हाक मारते पोत्यांना,” म्हणाली. “साडेचारला परत लाव. तोवर कमरेला लागतंय का, बघून ठेव.”

लेकीला मेसेज टाकला, आज चारला जमणार नाही.