ऑपेराचा आवाज, मराठी गाणी आणि 12 हजारांचं बजेट: सल्ला हवाय

सोप्रानो_पुणे: 11 वर्षं पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं शिकले, ऑपेराच्या कोरसमध्ये गायले. आता स्वतः लिहून, चाली लावून मराठी गाणी गायची आहेत. घरी रेकॉर्ड केलं की आवाज टोचतो, शब्द कळत नाहीत. सगळं मिळून 12,000 आहेत. माइक कुठला घेऊ? आणि आवाजाचं काय करू?

जुना_ठाणेकर: शूअर एसएम 58, डोळे झाकून. 1966 पासून जगभर स्टेजवर तोच आहे. माझा दोनदा पडला, जाळी चेपली, आवाज तसाच.

मंद्रसप्तक: 12 हजारांत काही होत नाही. मी 40 घातले, कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) आणि इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) घेतला. कंडेन्सरला 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे केबलमधून वीजपुरवठा, लागतो हे माहीत नव्हतं, माइक बंद समजून दुकानदाराशी भांडलो. मग खालच्या मजल्यावरचा मिक्सर, रिक्षा, सगळंच रेकॉर्ड झालं. आधी खोलीवर खर्च करा.

जुना_ठाणेकर: म्हणूनच म्हणतो, 58.

पाचगणी_बॅच: रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या सेंट पीटर्स शाळेचा! त्याचा 1988 चा 'बार्सिलोना' अल्बम ऐका. ऑपेरा गायिका मोंत्सेरात काबाये त्यात ऑपेराच्याच आवाजात गायली आहे. बदलायचं कशाला?

स्वरवेडी: तिथे जोडीला रॉकचा गायक होता. ताईंना एकटीनं गायचंय. रेने फ्लेमिंगचा 'डार्क होप' (2010) अल्बम ऐका. ऑपेराची एवढी मोठी सोप्रानो (उंच पट्टीची गायिका), पण रॉकची गाणी कितीतरी खाली उतरून गायली. ओळखू येत नाही.

मंद्रसप्तक: ती गाणी दुसऱ्यांची होती. इथे लिहायचंही आहे.

आलाप_नागपूर: गाणं शिकवते, म्हणून सांगते. ऑपेराचा गायक ऑर्केस्ट्राच्या वर ऐकू येतो, कारण त्याच्या आवाजात 3000 हर्ट्‌झच्या आसपास जोर एकवटलेला असतो. जवळच्या माइकवर तोच टोचतो. आणि इटालियनमध्ये आपला 'अ' नाही. त्या सवयीनं 'घर'चं 'घार' होतं, 'मन'चं 'मान'. फार उंच सुरांवर तर 'ई' आणि 'ऊ' कुणाचेच नीट वेगळे कळत नाहीत, तो तुमचा दोष नाही. पट्टी चांगली चार-पाच सुरांनी उतरवा. ओळ आधी मोठ्यानं बोला, मग चाल लावा.

जुना_ठाणेकर: +1. पट्टी उतरवा आणि 58 ओठांजवळ धरा, खर्ज भरदार येतो.

आलाप_नागपूर: फार जवळ नको, प-फ-भ फुटतात.

रंगमंच_वेडा: संगीत नाटकातल्या नटांनाही माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागे. भावगीत तबकडी आणि रेडिओवर वाढलं, म्हणून ते हळुवार. फरक माइकचा आहे, गळ्याचा नाही.

पाचगणी_बॅच: नाट्यगीत हळुवार नसतं, असं कोण म्हणतं?

सोप्रानो_पुणे: सगळ्यांचे आभार. आलापताई, जुनं रेकॉर्डिंग ऐकलं, खरंच 'घार' आहे. तीन कडवी खालच्या पट्टीत, बोलल्यासारखी लिहिली. पण शेवटची ओळ मी पूर्ण आवाजातच गाणार, चार फूट मागे सरकून. तिच्यात 'आ'कारान्त शब्दच घातलेत, त्यापायी तीन दिवस गेले. मैत्रिणीच्या 58 वर एवढ्या लांबून आवाज पातळ आला. म्हणून कंडेन्सरच घेतला, यूएसबीचा, थेट संगणकाला लागणारा, बजेटात बसला. भिंतीवर आईच्या दोन गोधड्या टांगल्यात. रविवारी रेकॉर्ड करते.

जुना_ठाणेकर: गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, वाढवला असता तर 58 नं पकडलं असतं.