चौदा जण, एक शनिवार, पाच गावं: हा प्लॅन मुलांना देऊ नका

सह्यवाट

मिलानमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या एका गटाचा प्लॅन परवा इथे आला. थोडक्यात असा: "चौदा जण. शनिवारी पहाटे मिलानहून निघायचं, ला स्पेत्सियात सामान टाकायचं, त्याच दिवशी चिंक्वे तेर्रेची पाचही गावं करायची. मोन्तेरोसो ते कोर्निलिया चालत, बाकी ट्रेनने. रविवारी पोर्तोवेनेरे करून परत. वाट सोपी आहे, स्लीपर्स चालतील. व्हेजवाल्यांनी काळजी करू नये, पेस्तो पास्ता सगळीकडे मिळतो." चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या समुद्रकाठची ओळीने वसलेली पाच गावं: मोन्तेरोसो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि ला स्पेत्सिया शहराच्या बाजूचं रिओमाज्जोरे. प्लॅनखाली सगळ्यांचं "मस्त", "सेव्ह केलं". एकालाही बेरीज करावीशी वाटली नाही, म्हणून हा प्रपंच.

सहाची गाडी धरली तरी ला स्पेत्सियात नऊ-सव्वानऊ. सामान टाकून, ट्रेन कार्ड (दिवसभराचा पास) घेऊन फलाटावर यायला दहा. त्या दिवशी चार वेळा ट्रेनमध्ये चढायचं आहे. गाडीत बसून दोन गावांत फार तर पाच मिनिटं जातात, पण गावातून स्टेशनपर्यंत चालणं, फलाटावर वाट पाहणं आणि चौदा डोकी मोजणं धरलं तर एका टप्प्याला अर्धा तास कुठेही गेला नाही. म्हणजे दोन तास. मोन्तेरोसो–वेर्नात्सा साडेतीन किलोमीटर, दोन तास. वेर्नात्सा–कोर्निलिया चार किलोमीटर, दीड तास. हे वेळ नेमाने चालणाऱ्या माणसाचे. मोन्तेरोसोहून निघाल्यावर पायऱ्यांचा जो चढ लागतो तिथे वाट इतकी अरुंद आहे की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून भिंतीला टेकावं लागतं. चौदा जणांची रांग तिथे थांबतच चालते, त्यामुळे दोन्ही वाटा मिळून चार तास धरा. सहा तास इथेच संपले, वाजले चार. अजून एकाही गावात कुणी टेकलेलं नाही, जेवणही झालेलं नाही. अंधार पडेपर्यंत प्रत्येक गावाच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो.

आता स्लीपर्स. चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या वाटांवर उघड्या चपला घालून जायला 2019 पासून बंदी आहे आणि दंड 50 युरोंपासून 2,500 पर्यंत आहे. कारण साधं आहे. त्या वाटा द्राक्षमळ्यांच्या बांधांवरून जातात आणि ते बांध चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेले असतात. आपल्या कोकणातला गडगा आठवा. चुना नसल्याने पावसाचं पाणी दगडांमधून झिरपून निघून जातं, म्हणून भिंत टिकते. पण वरचा दगड नुसत्या वजनावर बसलेला असतो. पाय घसरला की माणूस त्याच दगडावर जोर देतो, दगड सरकतो, पुढच्या पावसात त्या फटीतून माती वाहते आणि भिंतीला पोट सुटतं. एवढं झालं की तो तुकडा ढासळायला वेळ लागत नाही.

माझं म्हणणं: दोन दिवसांत तीन गावं आणि एक पूर्ण वाट. मुक्काम मोन्तेरोसोच्या पलीकडच्या लेवान्तोला. शनिवारी लेवान्तो–पुंता मेस्को–मोन्तेरोसो, तीन तासांची फुकट वाट, मग ट्रेनने वेर्नात्सा. रविवारी मानारोला. बाकीची गावं राहू द्या.

तिसरा_डबा

असहमत. वाटा जड जातात हे बरोबर, पण म्हणून गावं का कापायची? वाटा कापा. विद्यार्थ्याला तिथे दुसऱ्यांदा जाणं परवडेलच असं नाही. पाचही बघायची इच्छा असणं चूक कसं?

कार्डाचं गणित तुम्ही सोडलंत. 2024 च्या हंगामात या पट्ट्यात एका फेरीचं तिकीट दिवसाप्रमाणे 5, 8 किंवा 10 युरो होतं, मग दोन मिनिटांचं अंतर असो की वीस. ट्रेन कार्ड तेव्हा 19.50, 27 किंवा 32.50. तिन्ही दरांत चौथ्या फेरीला कार्ड वसूल होतं. पाच गावं ट्रेनने केली की ला स्पेत्सियाहून सहा फेऱ्या होतात. तुमच्या प्लॅनमध्ये शनिवारी दोनच. पैसे वाचले, पण बघितलं किती?

क्रम नेहमीच्या उलटा ठेवा. सकाळी थेट मोन्तेरोसो, तिथून एकेक गाव ला स्पेत्सियाकडे सरकत या. ला स्पेत्सियाहून आलेले लोंढे आधी रिओमाज्जोरे-मानारोलात असतात, तेव्हा तुम्ही दुसऱ्या टोकाला असता. आणि चौदा जणांनी एकत्र फिरू नये, पाच-पाच-चार असे तीन गट करा.

मेतकूट

"पेस्तो पास्ता सगळीकडे मिळतो" या वाक्यावर एकानेही बोट ठेवलं नाही याचं फार वाईट वाटलं. पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या त्या चटणीत, पार्मिज्यानो चीज असतं आणि बहुतेकदा पेकोरिनो चीजही. पार्मिज्यानोच्या नियमातच वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) लिहिलेलं आहे, दुसरं चालत नाही. ग्राना पादानो चीजमध्येही तेच. पेकोरिनोला बहुधा कोकराचं. घरून "फक्त शाकाहारी" असं वचन देऊन आलेली मुलं आहेत. त्यांना हे माहीत असायला हवं, मग खायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

पो_काठ

धागा गावांचा आहे, चीजचा नाही. दूध चालतं, चीज चालतं, मग रेनेटवर अडायचं? इटलीत असं खोदत बसलात तर उपाशी राहाल.

मेतकूट

उपाशी कुणी राहत नाही, माहिती नसली की फसगत होते. आणि काय चालवून घ्यायचं हे दुसऱ्याच्या ताटाकडे बघून तुम्ही ठरवू नका. हे मी रागाने लिहितेय आणि राग योग्य आहे.

पाकिटावर "कालियो" म्हणजे रेनेट हा शब्द शोधा. नुसतं "कालियो" असेल तर प्राण्याचं धरून चाला. "वेजेताले" किंवा "मिक्रोबिको" लिहिलं असेल तर ठीक. दुकानात "सेन्सा फोर्माज्जो", म्हणजे चीज न घातलेला पेस्तो मागा. "सेन्सा आल्यो" म्हणजे बिनलसणाचा, त्यात चीज बहुधा असतंच. लोक ही दोन पाकिटं हमखास उलटी उचलतात. रेक्को गावच्या फोकाच्चात (फोकाच्चा म्हणजे चपटा पाव) स्त्राक्किनो चीज असतं, तिथेही विचारा. साधा किंवा कांद्याचा फोकाच्चा या भागात ऑलिव्ह तेलातला असतो. अँचोवी, म्हणजे बारीक मासळी, मात्र बघून घ्या, मोन्तेरोसो त्याचसाठी प्रसिद्ध आहे.

तिसरा_डबा

मग फरिनाता का नाही सांगत? हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, संपलं. चीज नाही, अंडं नाही.

मेतकूट

सांगणारच होते. पिठाच्या तिप्पट पाणी, म्हणजे 300 ग्रॅमला 900 मिली. किमान चार तास भिजवायचं आणि वर आलेला फेस काढायचा, नाहीतर कडवटपणा राहतो. तांब्याच्या रुंद परातीत तेल आधी, मग पीठ, जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर. भट्टी कडक तापलेली हवी. कडा तपकिरी होऊन परातीपासून सुटतात, मध्ये मऊ राहतं, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या पोळ्याचा हा चुलतभाऊ. घरच्या ओव्हनमध्ये बिघडतं ते थर जाड झाल्याने आणि ताट आधी न तापवल्याने. काही ठिकाणी त्यावर बारीक मासळीही घालतात, म्हणून "बियांकेत्ती" शब्द दिसला तर तो तुकडा सोडा.

पो_काठ

हे उपयोगी आहे, मान्य. पण चौदा मुलांचा वेळ कसा बसवायचा हा मूळ प्रश्न बाजूला पडला आणि परात मध्ये आली.

मेतकूट

बाजूला पडलेला नाही. शनिवारी दुपारी चौदा जणांना एकत्र टेबल मिळत नाही, आणि मिळालंच तर दीड तास जातो, शिवाय माणशी कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो. फोकाच्चा वजनावर घ्या. एक एत्तो म्हणजे 100 ग्रॅम, दोन एत्तोत एकाचं भागतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असेल तर तेवढीही रांग नको. जेवणाचा प्रश्न सुटला की सह्यवाट यांच्या हिशोबातला तास परत मिळतो.

बंदरावरून

सगळे ट्रेन धरून बोलताय. बोटींचं कुणी बोललं नाही, तेच बरं, कारण समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि कोर्निलियाला धक्काच नाही, ते गाव कड्यावर आहे. स्टेशनपासून वर लार्दारिनाच्या पावणेचारशेहून अधिक पायऱ्या. उन्हात पंधरा-वीस मिनिटं धरा.

मानारोलाच्या खडकांवरून उड्या मारणाऱ्या पोरांसाठी: नैर्ऋत्येचा वारा, लिबेच्चो, येऊन गेला की आकाश निरभ्र असतानाही लाटा येत राहतात. मोठी लाट नेहमी दिसत नाही, अधूनमधून येते आणि धक्क्यावर उभ्या माणसाचे पाय ओढते. लाल झेंडा असेल तर पाण्याजवळही नको.

ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर वाटा बंद. त्यावर वाद घालू नका. 25 ऑक्टोबर 2011 ला काही तासांच्या पावसात वेर्नात्साचे तळमजले चिखलाने भरले, माणसं गेली. मोन्तेरोसोतही तेच झालं.

तिसरा_डबा

सह्यवाट, तुमच्या प्लॅनमध्ये रविवार आहे म्हणून विचारतो. रेल्वेचा संप कुठे धरलाय? संप शनिवारी रात्री नऊपासून रविवारी रात्री नऊपर्यंत असू शकतो. सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 लोकल गाड्यांची हमी असते ती कामाच्या दिवशी, रविवारी नाही. तारखा आधी जाहीर होतात. त्या न बघता मुलांना लेवान्तोला ठेवलं आणि सोमवारी परीक्षा असली, तर कसं पोचवणार? दुसऱ्यांना बेरीज शिकवता, आपली तपासा.

सह्यवाट

आवाज चढवू नका. संपाचा मुद्दा सुटला होता, तो धरला. शनिवारी सकाळी निघण्याआधी तारीख बघायची आणि रविवारी संप असेल तर पूर्ण ट्रिप पुढे ढकलायची. कार्डाचा हिशोबही तुमचा बरोबर, माझ्या शनिवारसाठी सुटी तिकीटं स्वस्त.

आणखी एक राहिलं होतं: मुक्कामाला प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट लागतो, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. लोकल गाडीच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, मोबाईलवरचं असेल तर चेक-इन करायचं. पैसे भरलेले असूनही मुलांना दंड बसतो तो इथेच.

पण पाच गावं मला मान्य नाहीत. पाचही गावांत मिळून चार हजारांहून कमी वस्ती आहे. तिथे चौदा जणांचा घोळका दर अर्ध्या तासाने एका गल्लीतून दुसरीत गेला तर तो कुणालाच नको असतो.

पो_काठ

तीन गट केले तर घोळका राहत नाही, हे तिसरा_डबा यांचं घ्या. चार गावं करा, कोर्निलिया सोडा.

सह्यवाट

कोर्निलियाच सोडायचं नाही. मानारोला–वोलास्त्रा–कोर्निलिया ही वाट फुकट आहे आणि मळ्यांमधून जाते. खालची मानारोला–कोर्निलिया वाट दरडींमुळे बरीच वर्षं बंद आहे, नकाशात दिसली तरी तिकडे जाऊ नका. रिओमाज्जोरे–मानारोलामधली व्हिया देल्लामोरे 2012 च्या दरडीनंतर 2024 ला उघडली, पण तिला वेळेचं बुकिंग आणि वेगळे 10 युरो लागतात. गटाने ती सोडावी. त्या बदल्यात रिओमाज्जोरे संध्याकाळी ट्रेनने करा. रविवारी झाली तीन गावं आणि शनिवारी मोन्तेरोसो-वेर्नात्सा. घ्या, पाच झाली, पण दोन दिवसांत.

तिसरा_डबा

दोन दिवसांत पाच, म्हणजे पोर्तोवेनेरे गेलं. चालेल. वोलास्त्राचा चढ मात्र अंगावर येतो, पायऱ्यांमागून पायऱ्या. मानारोलाहून वर बस जाते, ती कार्डात धरलेली आहे. तिने वोलास्त्रापर्यंत जा आणि तिथून कोर्निलियाकडे चालायला लागा.

बंदरावरून

बस छोटी असते. चौदा जण एका फेरीत मावायचे नाहीत, दोन फेऱ्यांचा वेळ धरा.