सोनोग्राफीत ‘आतड्यात आतडं’ दिसलं, पण डॉक्टर म्हणतात काही करायचं नाही. बरोबर आहे का?

रानजाई:
मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गुरुवारपासून अधूनमधून पोट दुखतंय. बेंबीवर हात दाबून दोन-तीन मिनिटं रडतो, मग उठून गाड्या खेळायला लागतो. त्याआधी आठवडाभर सर्दी-ताप होता. उलटी नाही, शी नेहमीसारखी. काल बालरोगतज्ज्ञांनी गडहिंग्लजला सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये लिहिलंय की लहान आतडं लहान आतड्यातच शिरलेलं दिसलं, रुंदी १.३ सेंमी, दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर सुटलेलं होतं. शिवाय पोटात बऱ्याच गाठी (लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी) सुजल्यात. डॉक्टर म्हणाले, आपोआप सुटतं, फक्त लक्ष ठेवा.

माझ्या जावेची मुलगी सात महिन्यांची असताना तिलाही हेच झालं होतं. रात्री कोल्हापूरला पळवावं लागलं, एनिमा देऊन आतडं सोडवलं. मग याला नुसतं लक्ष ठेवून कसं चालेल? मिस्टर म्हणतात उद्या कोल्हापूरला जाऊन सीटी स्कॅनच करून घेऊ. काल रात्रभर डोळा लागला नाही.

सईचीआई:
ताई, मी घाबरवत नाही, पण आमचं सांगते. सई आठ महिन्यांची होती. पंधरा-वीस मिनिटांनी किंचाळायची, पाय पोटाशी घ्यायची. एका दवाखान्यात दात येताहेत म्हणून थेंब देऊन घरी पाठवलं. रडं थांबलं की ती खेळायची नाही, निपचित पडून राहायची. मला वाटायचं दमून झोपली. दुसऱ्या दिवशी लंगोटात शेंबडासारखं लाल दिसलं तेव्हा सोनोग्राफी झाली. एनिमाने सुटलं, ऑपरेशन टळलं. पण तो एक दिवस मला अजून आठवतो. तुमचा मुलगा मधल्या वेळात खेळतोय, हे मला खूप चांगलं वाटतंय.

तालुक्याचा सोनोलॉजिस्ट:
ताई, तुमच्या जावेच्या मुलीचा आणि तुमच्या मुलाचा आजार नावाने एक (इंटससेप्शन, म्हणजे आतड्यात आतडं शिरणं), पण प्रकार वेगळा. सोळा वर्षं तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करतोय, हा गोंधळ दर पावसाळ्यात दोन-चार घरांत होतो.

स्वेटर काढताना बाही उलटी होऊन आत जाते ना, तसं आतडं पुढच्या आतड्यात सरकतं. तान्ह्या बाळांत, साधारण पाच ते नऊ महिन्यांच्या वयात सगळ्यात जास्त, लहान आतड्याचं टोक मोठ्या आतड्यात शिरतं. सोबत चरबी, गाठी, रक्तवाहिन्याही आत ओढल्या जातात. शिरा दाबल्या की आतडं सुजतं, मग रक्त पाझरतं. म्हणजे शीतलं रक्त ही बरीच उशिराची खूण. कळा, उलटी आणि रक्त ही तिन्ही एकत्र फार थोड्या मुलांत मिळतात. सईसारखं दोन कळांमध्ये बाळ निपचित पडत असेल तर रक्ताची वाट बघूच नये.

बघताना मी उजव्या कुशीपासून मोठ्या आतड्याच्या वाटेने वर, यकृताखालून आडवा, मग डावीकडे खाली असा प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) हलका दाबत नेतो. आडव्या छेदात कांदा चिरल्यासारखी कडी दिसतात. उभ्यात तेच मूत्रपिंडासारखं दिसतं. पहिल्या वर्षी यकृताखाली ‘तिसरं मूत्रपिंड’ बघून मी थबकलो होतो. मोठ्या आतड्यात शिरलेलं सहसा अडीच सेंमीच्या वर भरतं, मधोमध चरबी आणि गाठी असतात आणि ते आपणहून क्वचितच सुटतं.

तुमच्या मुलाचं १.३ सेंमी, लहान आतड्यातच, आणि दहा मिनिटांत सुटलेलं. हे आतड्याच्या नेहमीच्या हालचालीत होतं आणि जातं. कधी पोट दुखत नसलेल्या मुलांतही अवचित सापडतं. दुखणं बहुधा त्या सुजलेल्या गाठींचं असावं, सर्दी-तापानंतर त्या सुजतातच. तुमच्या सोनोलॉजिस्टने दहा मिनिटं थांबून पुन्हा बघितलं, ही मोलाची गोष्ट. निदानासाठी ‘दिसलं’ इतकंच ‘सुटलं’ हेही महत्त्वाचं असतं.

सीटी स्कॅन नको. विनाकारण किरणोत्सर्ग, आणि या वयाचं मूल स्थिर राहावं म्हणून कदाचित गुंगीचं औषध. या आजारात सोनोग्राफी हीच पहिली तपासणी. एक्स-रे नॉर्मल आला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

हिरवी उलटी, शीत रक्त किंवा लाल शेंबूड, पोट फुगणं, सुस्ती, चेहरा पांढरा पडणं, किंवा कळा जवळजवळ येऊ लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजताही निघा. आणि दुखणं सुरूच राहिलं तर पुन्हा सोनोग्राफी करा, जमल्यास दुखत असतानाच. तेच ते परत सापडत राहिलं, लांबलचक असलं, सुटेना झालं, तर आत मस्सा किंवा जन्मजात पिशवी आहे का ते शोधावं लागतं.

सईचीआई:
डॉक्टर, सईला रोटाव्हायरसची लस दिली म्हणून झालं असं सासूबाई म्हणतात. तसं असतं का?

तालुक्याचा सोनोलॉजिस्ट:
१९९९ मध्ये अमेरिकेत एक रोटाव्हायरस लस याच कारणाने मागे घेतली होती, त्यामुळे शंका रास्त आहे. आताच्या लशींत धोका अगदी थोडा, तोही मुख्यतः डोसनंतरच्या पहिल्या आठवड्यात. आपल्याकडे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. सई तेव्हा आठ महिन्यांची होती. संबंध लावता येत नाही. जुलाबांपासून ही लस जे वाचवते ते खूप मोठं आहे, दुसऱ्या बाळाला नक्की द्या.

रानजाई:
काल पहाटे परत दुखलं, म्हणून कोल्हापूरला न जाता सकाळी त्याच सेंटरला गेलो. टेबलावर असतानाच कळ आली. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून मोठं आतडं पूर्ण वाटेने दाखवलं, कुठेही कडी नव्हती. गाठी आहेत तशाच. घरी आल्यावर त्याने वरणभात मागून खाल्ला. मिस्टरांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, सीटीचा विषय संपला. सईचीआई, ‘मधल्या वेळात खेळतोय’ हे तुम्ही लिहिलंत त्यावर मी ती रात्र काढली.