ग्रुपवर रोज तेच प्रश्न, तीच उत्तरं. सगळ्यांनी मिळून लिहायचं एक सारांश पान टिकवायचं कसं?

दिंडोरी_बागवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न द्राक्षाचा वाटेल पण खरी अडचण माहिती लावून ठेवायची आहे, म्हणून इथं विचारतोय.

आमचा द्राक्षवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, चांदवड, सटाणा सगळीकडची माणसं. १०२४ च्या वर व्हॉट्सॲप घेत नाही म्हणून दुसरा ग्रुप काढला, मग टेलिग्रामवर पण एक निघाला. फळछाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) सुरू झाली की मेसेजचा नुसता पूर. पोंग्यात (डोळे फुटायच्या वेळेला) पाऊस पडला काय मारू, जीएचा (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) पहिला स्प्रे कधी, घड जिरतायत (कोवळेपणीच नाहीसे होतायत) काय करू, हेच फिरून फिरून. चांगली उत्तरं येतात हो, अनुभवी माणसं रात्री बसून सविस्तर लिहितात, पण सकाळपर्यंत ते सगळं गुड मॉर्निंग आणि पानांच्या फोटोंखाली गाडलेलं असतं आणि दुपारी कोणीतरी तोच प्रश्न परत टाकतो. पिन करून पाहिलं, तर तीनच मेसेज पिन होतात आणि जास्तीत जास्त ३० दिवस राहतात, आमचा सीझन छाटणीपासून काढणीपर्यंत चार-साडेचार महिन्यांचा.

म्हणून एकाने गूगल डॉक काढलं, लिंक सगळ्यांना, एडिट पण सगळ्यांना. सुरुवातीला झकास चाललं. मग त्या डॉकचाच ग्रुप झाला. खाली कोणी लिहिलं 'मी हे मारलं, काही फरक नाही', त्याच्याखाली दुसऱ्याने 'तुमचं पाणी खारं असेल', मधेच एका दुकानदाराने आपल्या मालाची जाहिरात चिकटवली, कोणीतरी जीएचा अख्खा पॅरा उडवला. आता ते इतकं लांबलंय की उघडायलाच कोणी तयार नाही. तर सांगा, एडिट सगळ्यांना द्यायचं का मोजक्यांना? जुनं काढायचं कोणी? आणि मुळात पान लावायचं कसं?

कॉलेजरोड_सर्व्हर
भाऊ हा घोळ विकीइतकाच जुना आहे. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ ला पहिली विकी (कोणीही लिहू-बदलू शकेल अशी साइट) काढली तिथं पण लोक एकाच पानावर माहिती पण लिहायचे आणि त्याच्याखाली सही करून वाद पण घालायचे. त्यांनी दोन वेगळ्या पद्धतीच मानल्या, एक डॉक्युमेंट मोड आणि एक थ्रेड मोड. थ्रेडमधे 'मी' असतो, सही असते, कालचं आजचं असतं. डॉक्युमेंटमधे 'मी' नसतो, जे आत्ता खरं आहे तेवढंच असतं आणि ते कोणीही बदलू शकतो. वाद थ्रेडमधे घालायचा, तो मिटला की कोणीतरी सार काढून वर डॉक्युमेंटमधे घालायचं आणि खालचा वाद काढून टाकायचा. तुमच्या डॉकमधे हे दोन्ही एकत्र झालेत, बाकी काही नाही.

मी डिस्कोर्सवर (चर्चेच्या साइटचं सॉफ्टवेअर) एक बोर्ड चालवतो, तिथं ॲडमिन एखादी पोस्ट 'विकी' करून ठेवू शकतो, मग ती पहिली पोस्ट सगळ्यांची, खाली चर्चा चालूच. बाय डिफॉल्ट अगदी आत्ताच आलेल्याला ती एडिट करता येत नाही, थोडं वाचन झालं, ५ विषय उघडले, ३० पोस्ट वाचल्या, १० मिनिटं घालवली की पुढच्या पायरीवर जातो आणि मग करता येते. ही एवढीशी अट सुद्धा जाहिरातवाल्यांना बऱ्यापैकी पुरते, त्यांना वाचायलाच वेळ नसतो. आणि कोणी काय बदललं ते पेन्सिलच्या खुणेवर टॅप केलं की दिसतं.

पण तुमचे लोक नवीन साइटवर लॉगिन करणार नाहीत हे मला पण माहितीये. गूगल डॉकच ठेवा, फक्त सगळ्यांना सजेशन करता येऊ द्या, एडिट चार-पाच जणांकडे. बोलायचं ते कमेंटमधे. सजेशन मान्य केलं की मजकुरात मिसळतं, कमेंट रिझॉल्व केली की बाजूला होते, पान स्वच्छ.

सटाणा_अर्ली
सर्व्हर भाऊंचं बरोबर आहे पण पान लावायचं कसं ह्यावर कोणी बोललंच नाही. तुमचं डॉक मी पाहिलंय, त्यात 'सप्टेंबर', 'ऑक्टोबर', 'नोव्हेंबर' अशी हेडिंगं आहेत. आमच्याकडं बागलाणात अर्ली छाटणी जून-जुलैपासून चालू होते, तुम्ही दिंडोरीवाले सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटता, मग तुमच्या 'ऑक्टोबर' मधे मला काय सापडणार? माझे मणी तेव्हा फुगलेले असतात आणि पान सांगतंय फुटवे विरळ करा!

द्राक्षवाला तारखेत विचार करतच नाही भो. कोणालाही विचारा बाग कशी आहे, तो सांगेल 'आज बेचाळिसावा दिवस'. म्हणून पान छाटणीपासूनच्या दिवसांवर लावा, किंवा अवस्थेवर. पोंगा, फुटवे, फुलोरा, सेटिंग, मण्यात पाणी उतरणं, काढणी. प्रत्येक अवस्थेत तीनच गोष्टी, ह्या वेळेला बघायचं काय, घाबरायचं कशाला, आणि कोणत्या गोष्टीवर अजून एकमत नाही. खरड छाटणीचं (उन्हाळ्यातली, काड्या तयार करायची) पान पूर्ण वेगळं, ते ह्यात कालवू नका.

आणि एकच मोठं डॉक नको. अवस्थेला एक पान, मोबाईलवर दोन बोटं फिरवली की संपलं पाहिजे. कोणी विचारलं 'फुलोऱ्यात थ्रिप्स' तर त्याला फुलोऱ्याच्या पानाचीच लिंक द्यायची. आख्ख्या डॉकची लिंक दिली की तो माणूस उघडतो, स्क्रोल करतो, बंद करतो आणि परत ग्रुपवर विचारतो.

निफाडची_कृषीवाली
मी ॲग्री केलंय आणि घरची बाग पण आहे, त्यामुळे जरा स्पष्ट बोलते. ह्या पानात औषधाचा डोस लिहूच नका. कृपा करा.

कारण असं की कोणी लिटरमागे लिहितो, कोणी एकरी लिहितो, कोणी दोनशे लिटरच्या ड्रमचं लिहितो, आणि एडिट करताना एक शून्य इकडचं तिकडं झालं की जळाली बाग नाहीतर रेसिड्यूत (औषधाच्या उरलेल्या अंशात) माल अडकला. डोस आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे बाटलीच्या लेबलवर असतं, आणि द्राक्षासाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची मान्यता) असलेल्या औषधांची यादी पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढतं आणि ती बदलत राहते. पानात फक्त त्या यादीची लिंक द्या. कॉपी करून चिकटवू नका, कॉपी केली त्या क्षणी ती जुनी व्हायला लागते. एक्स्पोर्टवाल्यांनी तर ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) बाग नोंदवलेली असते, त्यांना अमक्या भाऊंनी ग्रुपवर सांगितलं होतं हे कारण कुठंच चालत नाही.

२०१० आठवतंय ना? सीसीसीच्या (म्हणजे क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारं संजीवक) अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले होते. क्लोरमेक्वाट वर्षानुवर्षं वापरात होतं, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, आणि एका सीझनमधे सगळं फिरलं. आता समजा तेव्हा असं सारांश पान असतं आणि त्यात 'शेंडा थांबवायला सीसीसी' ही ओळ राहून गेली असती, पुढची पाच वर्षं कोणी ना कोणी ती वाचून मारलं असतं. ग्रुपवरचा जुना मेसेज निदान जुना दिसतो, त्यावर तारीख असते. पानावरची ओळ कायम आजची वाटते, हे ह्या पानांचं खरं दुखणं आहे.

म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी तपासल्याचा महिना, वर्ष आणि तपासणाऱ्याचं ग्रुपवरचं नाव. उदाहरणार्थ 'फुलोऱ्यात पाऊस असेल तर डाऊनीसाठी (केवडा रोग) घड रोज बघा, तपासलं ऑक्टोबर २०२४, चांदवड'. तालुका पण लिहा, माती-पाणी वेगळं असतं. छाटणी सुरू व्हायच्या आधी पूर्ण पान एकदा चाळायचं, ज्या ओळीवर ह्या वर्षीची तपासणी नाही ती खाली 'जुनं' म्हणून सरकवायची. पुसायची नाही, सरकवायची.

मराठीविकी_कार्यकर्ता
मी मराठी विकिपीडियावर संपादन करतो. बाकी सगळं पटलं पण 'एडिट चार-पाच जणांकडे' ह्याला माझा विरोध आहे. ते चार-पाच जण पण बागायतदारच आहेत ना, ऐन डिपिंगच्या (घड संजीवकात बुडवायच्या) दिवसात ते सजेशन बघत बसणार? सजेशनं साठत जातात, सुचवणाऱ्याला वाटतं आपलं कोणी वाचत नाही, तो परत फिरकत नाही. पान मरतं ते असं.

विकिपीडियावर लेखाला इतिहास असतो आणि शेजारी चर्चा पान असतं, एवढ्यावर सगळं चालतं. कोणी वाट्टेल ते लिहिलं तर मागची आवृत्ती आणायला दोन क्लिक लागतात, लिहिणाऱ्यापेक्षा पुसणाऱ्याला कमी कष्ट. गूगल डॉकला पण आवृत्त्यांचा इतिहास आहेच, तुमचा उडवलेला जीएचा पॅरा अजून तिथं सापडायला पाहिजे, बघा. अट एकच ठेवा, नावाशिवाय एडिट नाही. लिंक असलेला कोणीही एडिट करू शकेल असं ठेवलं तर लॉगिन न केलेला माणूस निनावी दिसतो, मग जाहिरात कोणी टाकली कळणारच नाही.

आणि पानावरची जुनी ओळ पण आजची वाटते म्हणालात ते दुखणं फक्त आपलं नाही ताई. स्टॅक ओव्हरफ्लोवर (प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट) विचारणाऱ्याने स्वीकारलेलं उत्तर कायम सगळ्यात वर दिसायचं, मग ते कितीही जुनं होवो. शेवटी २०२१ मधे त्यांनी ते वर चिकटवणं बंद केलं.

ओझरचे_काका
सगळं वाचलं. सगळं छान. हे करणार कोण??

आमच्या ग्रुपात पण असं पान होतं, एक पोरगा उत्साहाने करायचा, त्याचं लग्न झालं आणि पान बंद. ज्याला येतं त्याला वेळ नाही, ज्याला वेळ आहे त्याला येत नाही. मला विचाराल तर ज्याने प्रश्न विचारला त्यालाच कामाला लावा. दहा जणांनी फुकट वेळ देऊन उत्तरं दिली ना तुला, मग आता चार ओळींत लिही काय ठरलं ते, आणि तू काय केलंस आणि काय झालं ते पण. नाही लिहिलं तर पुढच्या वेळी तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही. कडक वाटेल पण फुकट कोणाचं चालतं इथं.

कॉलेजरोड_सर्व्हर
काका तुम्ही गमतीत म्हणालात का खरंच, पण हा नियम खरोखर होता. सन नावाच्या कॉम्प्युटर कंपनीच्या मशीन सांभाळणाऱ्यांची सन-मॅनेजर्स नावाची मेलिंग लिस्ट होती, तिथं प्रश्न विचारला की उत्तरं थेट विचारणाऱ्याला मेलवर जायची आणि मग त्याने सगळ्याचं सार 'समरी' म्हणून लिस्टवर टाकायचं अशी रीत होती. लिस्टवर गर्दी कमी आणि शोधणाऱ्याला थेट समरी सापडायची. आपल्याकडं व्हॉट्सॲपवर जमेल का नाही माहीत नाही पण कल्पना जबरी आहे.

विकीवाल्या भाऊंचं पण अर्धं मान्य. ज्यात नुकसान व्हायचा धोका नाही अशी पानं उघडी ठेवा, मजुरांचे दर, क्रेट, पॅकहाऊस, मांडवाची तार कुठं मिळते वगैरे. फवारणीचं पान मात्र सजेशनवरच.

निफाडची_कृषीवाली
काकांच्या नियमात एक भर. 'काय झालं ते' लगेच लिहू नका म्हणावं. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी 'मस्त रिझल्ट' लिहिणारे खूप आहेत, डाऊनी गेली का फक्त ऊन पडलं हे तेव्हा कळत नाही. शेजारच्या ओळीत न मारलेल्या झाडाचं काय झालं ते पण लिहा. तसं नसेल तर ती ओळ 'एकमत नाही' मधे जाईल.

दिंडोरी_बागवाला
सगळ्यांना धन्यवाद, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. जीएचा पॅरा इतिहासात सापडला, जाहिरात कोणी टाकली होती ते पण सापडलं, नाव सांगत नाही.

तर आता असं करतो. अवस्थेप्रमाणे सहा छोटी पानं, एक सुरुवातीचं पान ज्यात फक्त त्या सहांच्या आणि मांजरीच्या यादीच्या लिंक, ती लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधे, म्हणजे पिन संपायचा प्रश्नच नाही. डोस कुठंही नाही. काकांचा नियम ग्रुपवर मांडला, दोन जण चिडले, बाकीच्यांनी अंगठे दिले. प्रत्येक पानाला एक माणूस शोधतोय, पोंग्याचं पान घ्यायला कोणी तयार नाही कारण त्यातच सगळ्यात जास्त भांडणं आहेत, सटाणा भाऊ तुम्ही घेता का, तुमची छाटणी आधी असते तर आमच्याआधी तुम्हाला अनुभव येतो.

एकच अडचण राहिली. सजेशन मोड मोबाईलवर आमच्या जुन्या लोकांना सापडत नाहीये, ते सरळ मजकुरात लिहितात.

मराठीविकी_कार्यकर्ता
त्यांना मोड शोधायला लावूच नका. शेअर करताना 'एडिटर' ऐवजी 'कमेंटर' निवडा, मग त्यांनी सरळ मजकुरात लिहिलं तरी ते सजेशन म्हणूनच पडतं. फोनवर डॉक्सचं ॲप टाकलेलं असू द्या, नुसत्या ब्राउझरमधे त्रास होतो.

सटाणा_अर्ली
पोंगा घेतो. पण भांडणं तुम्ही मिटवायची.